गिऱ्हाइकाला धाडलेली खबर

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा बालाघाटाच्या अंगानें चढत-उतरत पुढें बीड जिल्ह्यांत शिरतो. या वाटेवर पेढ्यांचीं दुकानें लागतात आणि त्यांतील पुष्कळांच्या पाट्यांवर एकच नांव दिसतें : कुंथलगिरी. प्रवासी गाडी थांबवितो, पाव किलो पेढा घेतो, चव बरी लागली तर आणखी पाव किलो बांधून घेतो आणि मार्गस्थ होतो. ज्या घरच्या भट्टीवर तो खवा आटला त्या घराचें नांव त्याला ठाऊक नसतें. आणि आपला खवा कोणाच्या मुखीं गेला, हें त्या घरालाहि कधीं कळत नाहीं. दोघांच्या मध्यें पाटी असते, दुकानदार असतो, व्यापारी असतो. ओळख तेवढी नसते.

ही ओळख घडविण्याचें एक साधन आज खेड्यांतील घराघरांत येऊन पडलें आहे. तें साधन म्हणजे मोबाइल, आणि त्यावरील व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम हीं समाजमाध्यमें. या माध्यमांतून नित्य दोन ओळी लिहाव्या, एखादें चित्र दाखवावें आणि आपल्या मालाविषयीं लोकांच्या मनांत आपुलकी उत्पन्न करावी, असा उपदेश लहानथोर व्यापाऱ्यांना सर्वत्र केला जातो. उपदेश खोटा नाहीं. परंतु तो ज्या रीतीनें आचरणांत येतो, तिच्यामुळें पुष्कळांच्या पदरीं श्रम तेवढे पडतात, गिऱ्हाईक पडत नाहीं. याचें कारण असें कीं, जाहिरात आणि खबर या दोन निराळ्या वस्तु आहेत, याचा विसर पडतो. जाहिरात सर्वांना उद्देशून असते आणि ‘घ्या’ म्हणते. खबर ओळखीच्या माणसाला धाडलेली असते आणि ‘येथें असें आहे’ म्हणते. पहिली विकणाऱ्याच्या सोयीची, दुसरी ऐकणाऱ्याच्या कामाची.

हा भेद कुंथलगिरीच्या खव्याच्या उदाहरणानें चांगला उलगडतो. भूम तालुक्यांतील कुंथलगिरी हें दिगंबर जैनांचें सिद्धक्षेत्र. देशभूषण आणि कुलभूषण या मुनींचें हें निर्वाणस्थान मानलें जातें, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनीं १९५५ सालीं येथेंच सल्लेखना घेऊन देह ठेविला. भोंवतालचा मुलूख बेताच्या पावसाचा. एकट्या शेतीवर भागत नाहीं, म्हणून गोठा हा शेतकऱ्याचा दुसरा हात. पण दूध कांहीं तासांत नासतें आणि मोठीं शहरें दूर. दूध आटवून खवा केला म्हणजे ओझें कमी होतें आणि माल थोडा अधिक टिकतो. म्हशीच्या सुमारें ५ लिटर दुधांतून १ किलो खवा उतरतो. तरी उन्हाळ्याच्या दिवसांत थंडाव्यावांचून हा खवाहि दोन-चार दिवसांपलीकडे राहत नाहीं. ज्वारी भाव येईपर्यंत कणगींत राहूं शकते. खवा राहूं शकत नाहीं. आज आटविलेला माल आज-उद्यां गेलाच पाहिजे, ही खवेकऱ्याची अडचण व्यापाऱ्याला पक्की ठाऊक असते, आणि भाव ठरतो तो या अडचणीवर ठरतो. म्हणून खवेकऱ्याचा खरा प्रश्न मालाची प्रसिद्धि हा नाहीं. माल तयार होण्यापूर्वीं त्याचें गिऱ्हाईक ठरलेलें असावें, हा त्याचा प्रश्न आहे.

२०२४ सालीं कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालें. यासंबंधींचा कायदा १९९९ चा असून २००३ पासून तो अंमलांत आहे. शेजारच्या सोलापुरी चादरीला त्याचें संरक्षण पूर्वींच लाभलें होतें. या मानांकनानें नांव सुरक्षित होतें. तें वापरण्याचा अधिकार त्या प्रदेशांतील उत्पादकांना नोंदणी करून घेतां येतो, आणि इतरांनीं तें वापरल्यास कायद्यानें दाद मागतां येते. परंतु कायदा नांवाला कुंपण घालतो. विश्वास उत्पन्न करीत नाहीं. पुण्यांतील गृहिणीला डब्यावरील शिक्का दिसतो, पण डब्यांतील खवा कोणीं, केव्हां, कसा आटविला, हें शिक्का सांगत नाहीं. तें ज्यानें आटविला त्यानेंच सांगावयास हवें.

विकणाऱ्यानें घेणाऱ्याशीं असा संबंध राखावा, ही कल्पना या जिल्ह्याला परकी नाहीं. तुळजापुरीं भवानीच्या दर्शनास येणाऱ्या अनेक कुळांचे पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. आजोबा ज्या घरीं उतरले, त्याच घरीं नातू उतरतो. तेथें पाटी वाचून कोणी घर निवडीत नाहीं. ओळख पाहून जातो. पुजाऱ्याला यजमानाचें कूळ, गांव, घरांतील माणसें ठाऊक असतात, आणि तीच ओळख यात्रेकरूला पुन्हा त्या दाराशीं आणते.

व्यापारांत हीच गोष्ट बुद्धिपुरस्सर करून दाखविल्याचें महाराष्ट्रांतील ठळक उदाहरण किर्लोस्करांचें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमिनींत विष कालवलें जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. नांगर वाईट नव्हता; नांगर करणारा शेतकऱ्याच्या ओळखीचा नव्हता. पुढें १९१० सालीं औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं तेथून ‘किर्लोस्कर खबर’ नांवाचें मासिक निघूं लागलें. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर. कारखान्यांत काय चाललें आहे, कोणता माल निघाला आहे, तो कशा उपयोगाचा, हें गिऱ्हाइकांना कळविणें हा त्याचा मूळ उद्देश होता. लवकरच त्यांत वाचकाच्या उपयोगाचे आणि आवडीचे इतर विषय येऊं लागले आणि १९२९ पासून तें नुसत्या ‘किर्लोस्कर’ या नांवानें निघूं लागलें. कारखान्याचें पत्रक म्हणून जन्मलेलें मासिक घराघरांत वाचलें जाऊं लागलें, याचें रहस्य त्याच्या पहिल्या नांवांतच सांपडतें. त्यानें स्वतःला जाहिरात म्हणविलें नाहीं, खबर म्हणविलें. शिवाय तें दरमहा येत असे. नियमितपणा हा ओळखीचा निम्मा भाग असतो.

शंकररावांना छापखाना लागला, कागद लागला, टपालखर्च लागला. भूमच्या खवेकऱ्याला आज त्यांपैकीं कांहींच लागत नाहीं. पण साधन स्वस्त झालें म्हणजे त्याचा दुरुपयोगहि स्वस्त होतो. म्हणून या माध्यमांचें कार्य कसें चालतें, हें नीट समजून घेणें अवश्य आहे.

फेसबुकवर एखाद्या धंद्याचें पान उघडलें आणि त्याला हजार लोकांनीं पसंती दिली, म्हणजे प्रत्येक मजकूर हजार लोकांना दिसतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. कोणाला काय दाखवावें हें ती कंपनीच ठरविते. आणि जानेवारी २०१८ मध्यें तिनें जाहीर केलें कीं, यापुढें व्यापारी पानांच्या मजकुरापेक्षां आप्तेष्टांच्या परस्पर बोलण्याला अग्रस्थान मिळेल. म्हणजे ज्या मजकुरावर माणसें एकमेकांशीं बोलूं लागतात, तो पुढें जातो. नुसता अंगठा दाखवून जो सोडून दिला जातो, तो मागें पडतो. व्हॉट्सअॅपची रीति याहून निराळी आहे. तेथें एक संदेश अनेकांना स्वतंत्रपणें धाडण्याची यादी करतां येते. एका यादींत २५६ क्रमांक बसतात. पण तीत एक मार्मिक अट आहे : ज्यानें धाडणाऱ्याचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्यें नोंदवून ठेविला आहे, त्यालाच तो संदेश पोहोंचतो. अनोळखी माणसाचा संदेश या वाटेनें जातच नाहीं. दाराशीं येऊन कितीहि हांका मारल्या तरी आंतून कडी काढल्यावांचून प्रवेश नाहीं, असा हा प्रकार आहे.

आतां प्रश्न असा कीं, एका घराला अशीं किती दारें उघडावीं लागतात? कल्पना करावी कीं, भूम तालुक्यांतील एका घरीं रोज ४० लिटर दूध जमतें. त्याचा ८ किलो खवा होतो. त्यांतील ६ किलो नेहमींच्या व्यापाऱ्याला जातो आणि २ किलो थेट घरगुती गिऱ्हाइकांना द्यावा, असा बेत आहे. महिन्याला हा थेट खवा ६० किलो झाला. एका कुटुंबानें महिन्याला अर्धा किलो घेतला, तर १२० कुटुंबें पुरेशीं होतात. १२० हा आंकडा त्या एका यादीच्या निम्म्याहूनहि लहान आहे. लाख लोकांनीं चित्र पाहिलें आणि त्यांतील हजारांनीं एकाच दिवशीं मागणी केली, तर हें घर ती पुरवूं शकणार नाहीं. दहांना देईल आणि उरलेल्यांना निराश करील. मग निराशा टाळण्यासाठीं बाहेरचा खवा आणून आपला म्हणून देण्याचा मोह होईल, आणि नांवाचा नाश तेथूनच सुरू होईल. लहान धंद्याला प्रसिद्धीपेक्षां ओळखीची गरज अधिक असते, हें या साध्या हिशेबावरून दिसून येतें.

या १२० कुटुंबांना काय कळवावें? येथेंच बहुतेकांची गाडी अडते. रोज सकाळीं फुलांचें चित्र आणि शुभेच्छा, सणावारीं देवादिकांच्या तसबिरी, आणि मधूनमधून ‘एकदां खाल तर पुन्हा याल’ असलें वाक्य, एवढ्यावर पुष्कळांची मजल संपते. असल्या संदेशांत वाचणाऱ्याच्या कामाचें कांहीं नसतें. म्हणून तो हळूहळू तें पाहणें सोडून देतो. याच्या उलट, त्या घरच्या सुनेनें सायंकाळीं एवढेंच लिहिलें कीं, ‘आज दूध ३८ लिटर आलें. खवा साडेसात किलो झाला. मागणीचा काढून अडीच किलो शिल्लक आहे. रात्रीच्या गाडीनें पुण्याला डबा निघेल’, तर वाचणाऱ्याला चार गोष्टी कळतात : माल आजचा आहे, थोडा आहे, कोठें मिळेल आणि केव्हां मिळेल. यांत स्तुतीचा एकहि शब्द नाहीं, तरी विश्वास वाढतो. कारण आंकडे रोज बदलतात, आणि खोटें बोलणाऱ्याचे आंकडे सहसा नीटनेटके असतात.

दुसरी खबर वाईट दिवसाची. ‘आज जाळ जास्त झाला आणि खवा बुडाला लागला. तो कोणाला पाठविला नाहीं. ज्यांनीं मागविला होता त्यांना परवां मिळेल. नको असल्यास पैसे परत करूं.’ असें लिहिण्यास व्यापारी कचरतो. आपला दोष आपल्या हातानें जगजाहीर कां करावा, असें त्याला वाटतें. पण गिऱ्हाईक भाबडें नसतें. वर्षाच्या तीनशें पासष्ट दिवसांत भट्टी एकदांहि चुकत नाहीं, हें त्याला खरें वाटत नाहीं. ज्यानें चूक झाल्याचा दिवस सांगितला, त्याचे उरलेले दिवस चांगले होते, हें तें मानतें. उन्हाळ्यांत म्हशी आटल्या, चारा महागला, भाव वाढवावा लागला, तर तेंहि कारणासह अगोदर कळवावें. कारण कळलें म्हणजे वाढलेला भाव अन्याय वाटत नाहीं.

तिसरी खबर ज्ञानाची. दिवाळी जवळ आली कीं भेसळीच्या खव्यावर छापे पडल्याच्या वार्ता येतात आणि त्याच मोबाइलवरून वाऱ्यासारख्या पसरतात. त्या वार्तांचा फटका भेसळ करणाऱ्याला बसतो, तसाच प्रामाणिक खवेकऱ्यालाहि बसतो. कारण गिऱ्हाइकाला दोघांतील भेद दिसत नाहीं. अशा वेळीं ‘आमचा माल शुद्ध’ असें मोठ्या अक्षरांत लिहिणें निरर्थक आहे. भेसळ करणाराहि तेंच लिहितो. त्यापेक्षां परीक्षा शिकवावी. थोडा खवा पाण्यांत उकळून निवूं द्यावा आणि त्यांत आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावे. निळा रंग आला तर त्यांत पिठूळ पदार्थ मिसळला आहे, असें समजावें. हा प्रयोग आपल्याच खव्यावर करून दाखविणारें लहानसें चलच्चित्र घरांतील मुलगाहि काढूं शकतो. मात्र त्याबरोबर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, या परीक्षेनें पिठाची भेसळ तेवढी उघडी पडते. परकी चरबी मिसळली असल्यास ती कळत नाहीं, त्यासाठीं प्रयोगशाळाच लागते. जो परीक्षेची मर्यादा सांगतो, त्याच्या परीक्षेवर लोक भरंवसा ठेवतात. अन्नसुरक्षा कायद्याखालीं मिळालेला चौदा आंकडी क्रमांक डब्यावर असतोच. तो वाचावा कसा, हेंहि एखाद्या दिवशीं सांगतां येईल.

परंतु खबर एका बाजूनें चालत नाहीं. ‘किर्लोस्कर खबर’च्या वाचकाला उत्तर धाडावयाचें तर पत्र लिहून टपालांत टाकावें लागे, आजचें गिऱ्हाईक क्षणांत उत्तर देतें, आणि क्षणांत उत्तराची अपेक्षाहि करतें. कोणी लिहितें, ‘मागच्या वेळीं खवा आंबूस लागला.’ असा मजकूर दिसतांच तो पुसून टाकणें ही पहिली ऊर्मि असते, आणि तीच सर्वांत घातक. पुसलेला मजकूर लिहिणाऱ्याच्या मनांतून पुसला जात नाहीं. तो दुसऱ्या दहा ठिकाणीं सांगितला जातो. उलट, ‘डबा कोणत्या दिवशीं पोहोंचला? वाटेंत किती वेळ लागला?’ असें सर्वांसमक्ष विचारून, चूक आपली असेल तर भरपाई केली, तर तें संभाषण वाचणाऱ्या इतर शंभर जणांना या घराची रीति कळते. तक्रारीचें उत्तर हें तक्रार करणाऱ्यापुरतें कधींच नसतें.

कांहीं गोष्टी मात्र निक्षून टाळाव्या. न विचारतां कोणाचाहि क्रमांक समूहांत घालूं नये. गिऱ्हाइकांचे क्रमांक दुसऱ्या व्यापाऱ्याला देऊं नयेत. कोणाचें चित्र त्याच्या संमतीवांचून दाखवूं नये. पैसे देऊन पसंतीचे आंकडे फुगवूं नयेत, कारण विकत घेतलेल्या पसंतीला खवा खावयाचा नसतो. पैसे देऊन कोणाकडून स्तुति करविली, तर ती पैसे घेऊन केलेली आहे हें उघड सांगणें आतां नियमानेंच आवश्यक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ सालीं फसव्या जाहिरातींसंबंधीं मार्गदर्शक नियम घालून दिले आहेत. पण नियमाच्या भीतीपेक्षां व्यवहाराची दृष्टि मोठी. शेजारणीनें शेजारणीला ‘याच घरचा खवा घे’ म्हणून सांगितलें, तर त्या एका वाक्याला जें वजन असतें, तें भाडोत्री मुखांतून निघालेल्या शंभर वाक्यांना नसतें.

मग यशाचें माप कोणतें धरावें? किती जणांनीं पाहिलें, हें माप सोपें आहे, म्हणून सर्वत्र तेंच वापरतात. त्यापेक्षां घरांतील एका वहींत तीन रकाने आंखावे : या महिन्यांत कितींनीं दुसऱ्यांदा मागविलें, कितींनीं आपण होऊन कांहीं विचारलें, आणि किती नवे जुन्यांच्या सांगण्यावरून आले. हे तीन आंकडे लहान असतात, पण खरे असतात. ते वाढत असतील तर खबर पोहोंचत आहे असें समजावें. पाहणारे वाढले आणि हे तीन आंकडे जागच्या जागीं राहिले, तर तमाशा चालला आहे, धंदा नाहीं.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कुंथलगिरी हें नांव कोणा एकाचें नाहीं. तें गांवच्या विहिरीसारखें सामाईक आहे. एका घरानें त्यांत घाण टाकली, तर पाणी सर्वांचेंच बिघडतें. बाहेरचा खवा आणून या नांवानें विकणारा आपल्या गिऱ्हाइकाला फसवितो, आणि त्याहून अधिक आपल्या शेजाऱ्याला बुडवितो. कारण फसलेलें गिऱ्हाईक घराचें नांव विसरतें, गांवाचें लक्षांत ठेवतें. यास्तव दहा-वीस खवेकऱ्यांनीं मिळून, कोणत्या दिवशीं कोणाच्या घरचा डबा निघाला याची एकच खुली यादी रोज प्रसिद्ध केली, तर मानांकनाच्या शिक्क्यामागें माणसें उभीं राहतील, आणि महामार्गावरील पाट्यांत खरी कोणती, हें ओळखण्याचें साधन प्रवाशाच्याच हातीं येईल.

पुण्यामुंबईच्या गृहिणीनें आपल्या मोबाइलमध्यें खवेकऱ्याचा क्रमांक कोणत्या नांवानें नोंदविला आहे, यावरून या साऱ्या श्रमाची परीक्षा होते. तेथें नुसतें ‘खवा’ असें लिहिलें असेल, तर उद्यां दोन रुपये स्वस्त मिळाला कीं तो क्रमांक बदलेल. ‘भूमच्या वहिनी’ असें लिहिलें असेल, तर एखाद्या दिवशीं खवा बुडाला लागला तरी ती परवांपर्यंत थांबेल.